शेकडा सहा

एजंटबाई पायपुसण्यावर नीट उभ्या राहिल्या,
छताकडे पाहून म्हणाल्या, शेकडा सहा.
मी मान डोलावली. एकतीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या,
आकड्यापुढे मान डोलवायची सवय आहे.
त्या गेल्यावर टेप काढला.
शेकडा सहा म्हणजे कोठीची खोली,
जिन्याच्या चार पायऱ्या,
आणि सरोवराचा बर्फ फुटताना मार्लिस जिथून बघायची
ती खिडकी, चौकटीसकट.
हातचा एक धरला तर न्हाणीघराचं दारही.

मार्लिस पुलापलीकडे राहायला गेलीसुद्धा,
एकमजली जागा, गुडघ्यासाठी.
फोनवर म्हणाली, अर्नी, देऊन टाक ना, बाईंचं पोट आहे त्यावर.
म्हटलं, असेल. पण हे घर मला ठाऊक आहे.
म्हणाली, तीच तर भीती आहे.

मग संगणकवाल्या कंपनीला पत्ता कळवला.
कॉफी गाळून होईपर्यंत किंमत आली.
कुणी जिना चढलं नाही, कुणी नळ सोडून पाहिला नाही.
त्यांच्या कागदावर मी
तीन बेडरूम, दीड बाथरूम,
छप्पर एक, वय अज्ञात.
छपराचं वय एकोणीस.
मी वर होतो, भाऊ खाली शिडी धरून,
त्या वर्षी आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.

पोस्टकार्डवाला रोख देणार होता, आहे त्या स्थितीत.
हे शब्द मला फार आवडले.
लग्नाच्या दिवशीच म्हणायला हवे होते.
किंमत मात्र निम्मी.

शेवटी ठरावीक पैसे भरून शहराच्या यादीत घर चढवलं,
फोटो भाच्याने काढले, एकात त्याचा अंगठा आहे.
कागदांसाठी तासावर वकील.
आणि गॅरेजात उरलेल्या बसच्या पिवळ्या रंगाने
ऑक्टोबरात पाटी रंगवली: मालकाकडून विक्रीला.
दुलूथची सगळी चढण उतरताना दिसेल एवढी.

लोक आले. कपाटं उघडून आत वाकले,
जणू मी घरात नाहीच.
एकाने विचारलं, इथे कोण वारलं का?
म्हटलं, अजून नाही.

नोव्हेंबरात पा कू वांग आली,
रात्रपाळी संपवून, नर्सच्या बुटांतच.
तळघरात थांबली. म्हणाली, पाणी येतं का?
फरशी कोरडी ठणठणीत.
भिंतीला उन्हाळ्यात मीच दोन हात रंग दिलेला.
एजंटबाई असत्या तर इथे हवापाण्याचं बोलल्या असत्या,
आणि मी वर, ऐकू न येणाऱ्या अंतरावर.

मांडणी सरकवली. मागे रंग पोचला नव्हता.
एप्रिलमध्ये, म्हटलं. या कोपऱ्यात. घोट्याएवढं.
तिने त्या रेघेवर बोट ठेवलं,
नाडी बघतात तसं,
आणि काही न बोलता गेली.

सांगितलंस? मार्लिसने विचारलं.
सांगितलं.
मग?
गेली.
बराच वेळ फोनवर तिचा फ्रिज ऐकू येत होता.

बुधवारी वडिलांना घेऊन परत.
म्हातारा त्या कोपऱ्यात उकिडवा बसला,
पंपाचा खड्डा वितीने मोजला.
पंपाचे पैसे किमतीतून वजा करा, ती म्हणाली.
निम्मे, मी म्हणालो.
म्हातारा त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटला, ती खो खो हसली,
मला अर्थ सांगितला नाही.
निम्म्याच्या थोडं वर तुटलं.

जानेवारीत सह्या. बावीस मिनिटं लागली,
वकिलाने तास लावला.
किल्ल्या देऊन पाटी उपटायला गेलो,
जमीन लोखंड झालेली, खांब हलेना.
लाथ मारली, पाय दुखला.
पा कू दारातून ओरडली,
राहू द्या, बर्फ वितळला की काढीन,
तुम्ही कॉफी घेता का?

पहिल्यांदाच त्या घरात
कप कुठे आहेत ते मला माहीत नव्हतं.